तर्कगणिताचे जनक जॉर्ज बूल

आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी संगणकाच्या खोलींत जाऊन प्रोग्रॅम लिहावयास शिकूं लागतात, तेव्हां थोड्याच दिवसांत त्यांची दोन लहान शब्दांशीं गांठ पडते. एक 'ट्रू' आणि दुसरा 'फॉल्स'. म्हणजे आपल्या भाषेंत खरें आणि खोटें. अट खरी ठरली तर यंत्रानें एक काम करावें, खोटी ठरली तर दुसरें, एवढाच त्यांचा उपयोग. परंतु ह्या शब्दांचें पहिलें इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीचें काढावयाचें कीं लहान, त्यांच्या जागीं १ आणि ० हे अंक चालतील कीं नाहींत, ह्याविषयीं प्रत्येक भाषेचा नियम निराळा. एका भाषेची संवय दुसरींत नेली म्हणजे यंत्र चूक दाखवून थांबतें. हा सगळा लहरीचा कारभार आहे, असें मुलांस वाटतें. वस्तुतः तसें नाहीं. सत्य व असत्य ह्यांस कोणतीं चिन्हें द्यावीं हा प्रश्न ज्यांनीं प्रथम गणिताच्या कसोटीस लावला, त्या पुरुषाचें नांव ह्या दोन मूल्यांस आजही जोडलेलें आहे. प्रोग्रॅमच्या भाषांत त्यांस 'बूलियन' म्हणतात. त्या जॉर्ज बूल ह्यांचें चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉर्ज बूल ह्यांचा जन्म इंग्लंडांतील लिंकन नांवाच्या शहरीं ता. २ नोव्हेंबर १८१५ रोजीं झाला. वडील जॉन बूल हे जोडे शिवण्याचा धंदा करीत. आई मेरी ॲन ह्या लग्नापूर्वीं दुसऱ्याच्या घरीं चाकरीस होत्या. चार भावंडांत जॉर्ज हा सर्वांत वडील. जॉन बूल ह्यांचें चित्त मात्र चामड्यापेक्षां भिंगांत अधिक रमे. दुर्बिणी तयार कराव्या, गणिताचीं कोडीं सोडवावीं, ह्या नादांत गिऱ्हाइकांचे जोडे मागें पडत आणि धंदा नेहमीं अडचणींत असे. पैशाच्या हिशेबानें पाहिलें तर बापानें मुलास कांहींच दिलें नाहीं. परंतु ज्ञानाची गोडी मात्र त्यानें भरपूर दिली. शिंप्याच्या कुळांतील नामदेवांचें जन्मगांव म्हणून मानलें जाणारें नरसी हें आपल्याच जिल्ह्यांत आहे. तेव्हां थोर पुरुष कोणत्या घरीं जन्म घेईल ह्याचा नेम नसतो, हें येथील वाचकांस निराळें सांगावयास नको.

जॉर्जचें शाळेंतील शिक्षण बेताचेंच झालें. गांवच्या साध्या शाळेंत आणि पुढें व्यापारी शिक्षणाच्या एका लहान शाळेंत जें मिळालें तेवढेंच. त्या काळीं इंग्लंडांत विद्वान् म्हणवून घ्यावयाचें तर लॅटिन व ग्रीक ह्या भाषा आल्या पाहिजेत, आणि त्या शिकविणाऱ्या शाळांची फी चांभाराच्या आटोक्याबाहेरची. वडिलांचे एक मित्र विल्यम ब्रुक हे पुस्तकविक्रेते होते. त्यांनीं मुलास लॅटिनचे पहिले धडे दिले. ग्रीक मात्र तो आपल्या आपणच शिकला. चौदाव्या वर्षीं त्यानें एका प्राचीन ग्रीक कवीच्या कवितेचें इंग्रजी पद्यांत भाषांतर केलें आणि बापानें अभिमानानें तें गांवच्या वर्तमानपत्रांत छापून आणलें. तें वाचून एका शाळामास्तरांनीं जाहीरपणें शंका काढली कीं, एवढ्या लहान मुलाच्या हातून असें भाषांतर होणें शक्य नाहीं. ज्याची परीक्षा घेतां आली असती, त्याच्यावर न पाहतांच अविश्वास दाखविणें हें मोठ्या माणसांस शोभत नाहीं. पुढें फ्रेंच, जर्मन आणि इटालियन ह्या भाषाही त्यानें पुस्तकांवरूनच आत्मसात केल्या.

सोळावें वर्ष लागलें आणि घरचा धंदा बसला. आईबाप व तीन धाकटीं भावंडें ह्यांचा भार जॉर्जवर आला. १८३१ सालीं तो डॉन्कॅस्टर येथील एका शाळेंत सहायक शिक्षक म्हणून राहिला. ज्या वयांत आपलीं मुलें मॅट्रिकच्या परीक्षेचा विचार करीत असतात, त्या वयांत हा मुलगा दुसऱ्या मुलांस शिकवून घर चालवूं लागला. ह्याच मुक्कामीं, सुमारें सतरा वर्षांचा असतां, एके दिवशीं शेतांतून चालत जात असतांना त्याच्या मनांत अकस्मात् एक विचार आला, असें त्याच्या पत्नीनें पुढें लिहून ठेविलें आहे. बीजगणिताचीं चिन्हें जशीं अंकांविषयीं बोलतात, तशीं तीं माणसाच्या विचाराविषयीं बोलूं शकणार नाहींत काय, असा तो विचार होता. तो अंमलांत यावयास चौदा वर्षें लागलीं. परंतु बीं त्या शेतांत पडलें.

गणिताकडे तो वळला तोही अभ्यासक्रम म्हणून नव्हे. लाक्र्वा नांवाच्या फ्रेंच ग्रंथकाराचें कलनशास्त्रावरील पुस्तक त्यानें विकत घेतलें आणि गुरूवांचून तें समजून घेण्यांत कांहीं वर्षें घालविलीं. नंतर लाग्रांज व लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञांचे कठीण ग्रंथ त्यानें वाचून काढले. गुरु नसल्यानें वेळ फार गेला हें खरें. परंतु प्रत्येक पायरी स्वतः तपासून पाहिल्याशिवाय पुढें न जाण्याची संवय त्यास ह्याच अभ्यासानें लागली.

१८३४ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, बूल ह्यांनीं लिंकन येथें स्वतःची शाळा काढली. पुढील पंधरा वर्षें त्यांचा मुख्य व्यवसाय शाळामास्तराचाच होता. दिवसा मुलांस शिकवावें, संध्याकाळीं हिशेब पाहावे आणि रात्रीं गणित करावें. त्याच सुमारास लिंकन येथें कामकरी लोकांसाठीं एक शिक्षणसंस्था निघाली होती. तेथें ग्रंथालय होतें आणि बूल ह्यांचे वडील संस्थेची व्यवस्था पाहत. त्या संस्थेंत १८३५ सालीं न्यूटनचा अर्धपुतळा बसविला गेला, तेव्हां न्यूटनच्या कार्यावरील व्याख्यान ह्या एकोणीस वर्षांच्या शिक्षकानें दिलें. दुकानांतील नोकरांस रात्रीं उशिरांपर्यंत राबावें लागूं नये म्हणून जी चळवळ झाली तींतही त्यांनीं भाग घेतला; आणि तास कमी झाल्यावर मिळालेल्या फावल्या वेळाचा सदुपयोग कसा करावा, ह्यावर १८४७ सालीं त्यांनीं त्या नोकरांपुढें व्याख्यान दिलें.

ह्या काळांत त्यांच्यापुढें एक कठीण निवड उभी राहिली. केंब्रिज येथें डंकन ग्रेगरी नांवाचे एक तरुण गणितज्ञ एक गणितविषयक नियतकालिक चालवीत. बूल ह्यांचे पहिले निबंध त्यांनीं छापले आणि लेखनाची रीतही त्यांस शिकविली. केंब्रिजला जाऊन पदवी घ्यावी अशी बूल ह्यांची इच्छा होती. परंतु तेथें गेल्यास ठरीव अभ्यासक्रमापायीं स्वतःचें संशोधन बाजूस ठेवावें लागेल आणि खर्चही मोठा येईल, हें ग्रेगरी ह्यांनीं त्यांस स्पष्ट सांगितलें. शिवाय शाळा बंद झाली असती तर वृद्ध आईबापांनीं खावें काय? बूल ह्यांनीं पदवीची आशा सोडली. पदवी नसलेला हा शिक्षक लिहीत राहिला, आणि १८४४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांच्या एका निबंधास सुवर्णपदक दिलें. गणितासाठीं त्या संस्थेनें दिलेलें हें पहिलें सुवर्णपदक होतें.

आतां आम्ही त्यांच्या मुख्य कार्याकडे वळतों. १८४७ सालीं तर्कशास्त्रांतील एका मुद्द्यावरून दोन विद्वानांत वाद पेटला. एक स्कॉटलंडचे सर विल्यम हॅमिल्टन व दुसरे लंडनचे गणिताध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन. हे डी मॉर्गन आपल्या देशांत, मदुरा येथें, १८०६ सालीं जन्मले होते. तो वाद वाचून बूल ह्यांच्या मनांतील जुनें बीं उगवलें. तर्क हें तत्त्वज्ञानाचें अंग नसून गणिताचें अंग आहे, असें दाखविणारें एक छोटें पुस्तक त्यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें. त्याच महिन्यांत डी मॉर्गन ह्यांचेंही तर्कावरील पुस्तक निघालें. दोघांत स्पर्धा झाली असती तर नवल नव्हतें. परंतु दोघे आयुष्यभर मित्र राहिले.

बूल ह्यांची कल्पना मुळांत साधी आहे. क म्हणजे सर्व बैल आणि ख म्हणजे सर्व पांढऱ्या वस्तू असें मानूं. क आणि ख हीं अक्षरें शेजारीं लिहिलीं असतां त्यांचा अर्थ पांढरे बैल असा घ्यावा. कख लिहिलें काय किंवा खक लिहिलें काय, निवड तीच. जसे ३ × ५ आणि ५ × ३ सारखेच. येथपर्यंत हें गणित शाळेंतील बीजगणिताप्रमाणेंच चालतें. पुढें मात्र एक वळण येतें. बैलांतून पुन्हां बैल निवडले तर काय मिळेल? बैलच. म्हणजे क × क = क. शाळेंतील बीजगणितांत असें होत नाहीं. ३ × ३ म्हणजे ३ नव्हे, ९. मग ज्या अंकाला त्यानेंच गुणिलें असतां तोच अंक राहतो, असा अंक कोणता? विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून स्वतः शोधून पाहावें. असे अंक दोनच आहेत, ० आणि १. तिसरा सांपडावयाचा नाहीं.

बूल ह्यांनीं ओळखलें कीं, आपल्या नव्या गणिताचा नियम पाळणारे अंक हे दोनच आहेत. आतां त्यांचा अर्थ काय तें ठरविलें पाहिजे. तो अर्थही त्यांनीं मनानें लादला नाहीं. ० नें कशासही गुणिलें तरी ० च येतें. तेव्हां ० म्हणजे ज्यांत कांहींच नाहीं असा वर्ग. १ नें कशासही गुणिलें तरी तें जसेंच्या तसें राहतें. तेव्हां १ म्हणजे ज्याविषयीं बोलणें चाललें आहे तें सर्व जग, कारण सर्वांतून बैल निवडले तर बैलच हातीं येतात. मग १ मधून क वजा केला कीं बैल नसलेलें सर्व कांहीं उरलें. आणि क × (१ − क) = ० ह्या समीकरणाचा अर्थ असा कीं, एकच वस्तु बैल आहे आणि बैल नाहीं, असें कधीं होत नाहीं. ॲरिस्टॉटलच्या काळापासून तर्काचा जो आधारस्तंभ मानला गेला, तो नियम येथें एका ओळीच्या गणितानें निघाला. हीच रीत त्यांनीं वाक्यांस लावली. विधान खरें असेल तर १, खोटें असेल तर ०.

ह्या निवडींतील मर्म आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. सत्यासाठीं १ व असत्यासाठीं ० हीं चिन्हें बूल ह्यांनीं दिसावयास सुरेख म्हणून घेतलीं नाहींत. आधीं त्यांनीं विचार कोणत्या नियमानें चालतो तें पाहिलें, मग तो नियम मोडणार नाहींत अशीं चिन्हें शोधलीं. नियम आधीं, चिन्ह मागाहून, हा क्रम होता.

१८४९ सालीं आयर्लंडांतील कॉर्क शहरीं नव्या क्वीन्स कॉलेजाचे दरवाजे उघडले, आणि गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून बूल ह्यांची नेमणूक झाली. विद्यापीठाचें तोंड न पाहिलेल्या माणसास ही जागा मिळाली, ती केवळ त्यांच्या लेखनाच्या जोरावर. दुर्दैव एवढेंच कीं, वडील आदल्या वर्षाच्या डिसेंबरांत वारल्यानें त्यांस हा दिवस पाहावयास मिळाला नाहीं. आयर्लंडांत त्या वेळीं भयंकर दुष्काळानें लोक मरत होते आणि देश सोडून जात होते. अशा प्रांतांत बूल ह्यांनीं आयुष्याचीं उरलेलीं पंधरा वर्षें अध्यापनांत घालविलीं.

कॉर्क येथें १८५० सालीं त्यांची मेरी एव्हरेस्ट ह्यांच्याशीं ओळख झाली. गणित शिकण्याची त्यांस आवड होती. बूल त्यांचे शिक्षक झाले आणि वडिलांच्या मृत्यूनें मेरीबाई निराधार झाल्या, तेव्हां १८५५ सालीं दोघांचा विवाह झाला. ह्या बाईंच्या चुलत्यांचें नांव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. ते सर जॉर्ज एव्हरेस्ट होत. दक्षिण टोंकापासून उत्तरेकडे सरळ रेषेंत हिंदुस्थानची मोजणी करण्याचें प्रचंड काम कर्नल लॅम्बटन ह्यांनीं हातीं घेतलें होतें. ती रेषा निजामाच्या राज्यांतून, आपल्या हिंगोलीच्या पूर्वेस कांहीं अंतरावरून, उत्तरेकडे जाते. हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां लॅम्बटन वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें जानेवारी १८२३ मध्यें वारले, आणि त्यांचे सहायक एव्हरेस्ट ह्यांनीं तें काम पुढें हिमालयापर्यंत नेलें. १८६५ सालीं जगांतील सर्वोच्च शिखरास त्यांचें नांव देण्यांत आलें. मेरीबाईंनीं १९०१ सालीं जगदीशचंद्र बोस ह्यांस उद्देशून लिहिलेल्या एका लेखांत असें मत मांडलें कीं, एव्हरेस्ट ह्यांनीं हिंदुस्थानांत ऐकलेल्या तत्त्वविचारांचा परिणाम बूल व डी मॉर्गन ह्यांच्यावर झाला होता. आमच्या अभिमानास हें मत गोड लागतें. परंतु त्यास निर्णायक पुरावा नाहीं, म्हणून आम्ही तें एक मत म्हणूनच येथें नोंदवितों. खऱ्याखोट्याचें गणित मांडणाऱ्या पुरुषाच्या चरित्रांत तरी एवढी सावधगिरी पाळली पाहिजे.

१८५४ सालीं बूल ह्यांचा विचाराच्या नियमांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें १८५७ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद केलें, आणि ज्यांना पदवी मिळाली नव्हती त्यांस डब्लिन व ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांनीं सन्मानाच्या पदव्या दिल्या. तरी त्यांच्या तर्कगणिताचा व्यवहारांत कांहीं उपयोग होईल, असें त्या वेळीं कोणासच वाटलें नाहीं.

१८६४ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस एके दिवशीं जोराचा पाऊस लागला होता. घरापासून कॉलेज सुमारें तीन मैल. बूल नेहमीप्रमाणें पायीं निघाले, भिजून चिंब झाले आणि त्याच ओल्या कपड्यांनीं त्यांनीं वर्गावर व्याख्यान दिलें. त्यांतून ताप आला, फुप्फुसें सुजलीं, आणि ता. ८ डिसेंबर १८६४ रोजीं, वयाच्या एकुणपन्नासाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. मागें पत्नी व पांच लहान मुली. मेरीबाईंनीं लंडनला जाऊन मोठ्या कष्टानें संसार चालविला, आणि मुलांस गणित कसें शिकवावें ह्यावर पुस्तकें लिहिलीं. मुलींपैकीं ॲलिशिया ह्यांनीं चार परिमाणांच्या भूमितींत नांव मिळविलें, लुसी ह्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका झाल्या आणि धाकट्या एथेल ह्या प्रसिद्ध कादंबरीकार झाल्या.

बूल ह्यांचें चरित्र येथें संपलें. त्यांच्या चिन्हांचें चरित्र मात्र येथून सुरू होतें. १९३७ सालीं अमेरिकेंत क्लॉड शॅनन नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, विजेचीं बटणें व तारा ह्यांचें जाळें कसें जोडावें हा प्रश्न बूल ह्यांच्या बीजगणितानें सुटतो. बटण एक तर बंद असतें किंवा चालू. तिसरी स्थिति नाहीं. गंमत अशी कीं, वीज वाहत असेल त्या मार्गास शॅनननें ० म्हटलें आणि तुटलेल्या मार्गास १; कारण तो प्रवाहास होणारा अडथळा मोजीत होता. आज वीज असली तर १ मानण्याची वहिवाट आहे. दोन्ही रीतींनीं गणित अचूक चालतें. ह्यावरून चिन्ह उलटें केलें तरी नियम टिकतो, परंतु आपण काय मोजीत आहों तें आधीं ठरवावें लागतें, हें दिसून येतें.

पुढें संगणकाच्या भाषा निघाल्या, आणि प्रत्येक भाषेच्या कर्त्यापुढें बूल ह्यांचाच प्रश्न नव्यानें उभा राहिला. १९६० सालच्या अल्गोल भाषेनें ट्रू आणि फॉल्स हे शब्द घेतले व त्या जातीस बूल ह्यांचें नांव दिलें. फोरट्रान भाषेंत कोणताही शब्द राखीव नव्हता. ट्रू हें नांव कोणी आपल्या राशीलाही देऊं शके. म्हणून तेथें त्या शब्दाच्या दोन्ही बाजूंस टिंबें घालण्याचा नियम झाला. जॉन मॅकार्थी ह्यांच्या लिस्प भाषेंत खोट्यासाठीं जें चिन्ह आहे तेंच रिकाम्या यादीचें चिन्ह आहे. बूल ह्यांचें ० म्हणजे रिकामा वर्ग, ह्याची येथें आठवण होते. डेनिस रिची ह्यांची सी भाषा १९७२ च्या सुमारास निघाली. तिनें निराळे शब्द घेतलेच नाहींत; ० म्हणजे खोटें आणि बाकी कोणताही अंक म्हणजे खरें. त्यामुळें लिहिणें आटोपशीर झालें, परंतु एखादा १ हा मोजलेला अंक आहे कीं होकार आहे, हें वाचणारास ओळखतां येईना. १९९९ च्या नियमावलींत सी भाषेसही बूल ह्यांच्या नांवाची जात घ्यावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या बेसिक भाषेंत तर खऱ्याची किंमत उणे १ धरिली जाते. कारण संगणकाच्या खणांतील सगळे अंश १ केले म्हणजे तो खण उणे १ असा वाचला जातो.

आमच्या विद्यार्थ्यांस परिचित असलेली पायथन भाषा घ्या. आरंभीं तींतही १ आणि ० वरच काम चाले. २००२ सालीं ह्या भाषेचे कर्ते गिडो व्हान रोसम ह्यांनीं ट्रू व फॉल्स हे शब्द आणण्याचा प्रस्ताव मांडला. उत्तर म्हणून पडद्यावर नुसता १ दिसण्यापेक्षां शब्द दिसला तर वाचणारास अर्थ कळतो, हें त्याचें एक कारण. पहिलें अक्षर मोठ्या लिपीचें कां? तर कांहींच नाहीं ह्या अर्थाचा त्या भाषेंतील 'नन' हा शब्द आधींच मोठ्या अक्षरानें लिहिला जात होता. घरच्या रीतीशीं जुळावें म्हणून हेही तसेच लिहावे, असें ठरलें. जावा भाषेंत मात्र लहान अक्षर. पूर्वीं लिहिलेले हजारों प्रोग्रॅम बिघडूं नयेत म्हणून ह्या नव्या शब्दांस आंतून १ आणि ० च ठेवण्यांत आलें. त्याचा परिणाम असा कीं, त्या भाषेंत ट्रू अधिक ट्रू मिळून २ होतात. बूल ह्यांनीं अशी बेरीज मान्य केली नसती. ज्या दोन वर्गांत एकही वस्तु समाईक नाहीं त्यांचीच बेरीज करावी, असें त्यांचें मत होतें. आणि जेव्हन्स नांवाच्या तरुण विद्वानानें पत्रें लिहून तें सोडण्याचा आग्रह केला तरी त्यांनीं तें सोडलें नाहीं. ह्या एका मुद्द्यावर पुढील पिढीनें जेव्हन्सची रीत पत्करली. शिवाय आरंभीं पायथनमध्यें ट्रू ह्या नांवास कोणी खोट्याची किंमत दिली तरी यंत्र हरकत घेत नसे. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत हे शब्द राखीव करून तें दार बंद करण्यांत आलें.

आतां आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें एक प्रश्न ठेवितों. उद्यां तुम्हांपैकीं कोणीं मराठींतून चालणारी संगणकाची भाषा तयार करावयास घेतली, तर हीं दोन चिन्हें तुम्ही कोणतीं घ्याल? खरें आणि खोटें हे शब्द प्रथम सुचतात. परंतु आपल्या भाषेंत दावा खरा असतो, अट खरी असते आणि विधान खरें असतें. लिंगाप्रमाणें शब्दाचें रूप पालटतें, आणि यंत्रास तर एकच रूप हवें. सत्य आणि असत्य घ्यावे तर रूप पालटत नाहीं. पण असत्याच्या पोटांत सत्य हा शब्द सबंध आहे आणि घाईनें वाचणाराची नजर पहिल्या अक्षरावरून घसरूं शकते. होय आणि नाहीं हे शब्द बोलण्यांत सोपे. परंतु नाहींचें अनेकवचन नाहींत असें होतें, आणि होय हा शब्द मूल्यापेक्षां उत्तर म्हणून अधिक शोभतो. ह्याचा निर्णय आम्ही येथें देत नाहीं. विद्यार्थ्यांनीं घरीं आईबापांशीं बोलून तो करावा, आणि प्रत्येक निवडीचें कारण सांगतां येतें कीं नाहीं तें पाहावें.

चांभाराच्या ह्या मुलास शाळा थोडी मिळाली, पदवी मिळाली नाहीं आणि आयुष्यही तोकडेंच मिळालें. घरच्यांच्या पोटासाठीं त्यानें केंब्रिज सोडलें. पण घरभार वाहतांना अभ्यास सोडला नाहीं. लहान चिन्हही कारणाशिवाय घ्यावयाचें नाहीं, आणि घेतल्यावर त्याचा नियम पाळावयाचा, एवढा एकच कटाक्ष त्यांनीं जन्मभर ठेविला. त्यांचीं चिन्हें आज प्रत्येक संगणकांत क्षणोक्षणीं काम करीत आहेत. आमच्या जिल्ह्यांत शेतीवर व लहान धंद्यांवर पोट भरणाऱ्या घरांतून पुष्कळ मुलें ह्या शाळेंत येतात. आपल्या घरीं पुस्तकें नाहींत, गुरु नाहींत, म्हणून आपल्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं, असें त्यांच्यापैकीं कोणाच्या मनांत येत असेल, तर बूल ह्यांच्या चरित्रावरून तें विधान तपासून पाहावें. बूल ह्यांच्या गणितांत त्याची किंमत शून्य येते.